खुणेची चिठ्ठी आणि वस्त्राची मागील बाजू

(वाराणसी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा आजचा विषय संगणकाच्या जाळ्यातील आहे. परंतु तो समजावून घेण्यासाठी ह्या शहराबाहेर जाण्याची गरज नाही. चौकाजवळची कुंज गली आपल्या परिचयाची आहे. दुर्गाघाटाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना तर ती टाळताच येत नाही. महाराष्ट्रात कोणा नातेवाइकाकडे लग्न ठरले की पूर्वी काशीला पत्र येई, आता दूरध्वनी येतो : मुलीसाठी शालू पाहून ठेवा. शालू म्हटला की तो बनारसीच असला पाहिजे, हा आमच्याकडील आग्रह फार जुना आहे.

काही वर्षांपूर्वी माझी मावशी अशाच कामासाठी आली होती. एका दुकानातून तिने शालू घेतला. त्याच्या पदराला सोनेरी अक्षरांची चिठ्ठी होती आणि तीवर ‘शुद्ध रेशीम, अस्सल बनारसी’ असे छापलेले होते. दुकानदाराने तो कढुआ विणीचा म्हणून दिला होता. संध्याकाळी मी तो मदनपुऱ्यातील माझ्या ओळखीच्या एका वृद्ध विणकराला दाखविला. चिठ्ठी वाचण्याच्या भरीस ते पडले नाहीत. त्यांनी वस्त्र उलटे केले. बुट्ट्यांच्या मागे कापलेल्या धाग्यांची टोके दिसत होती. ते म्हणाले, “हा कढुआ नाही. कढुआत प्रत्येक बुट्टी वेगळी काढतात, मागे धागा लोंबत नाही. इथे धागा काठापासून काठापर्यंत फेकला आहे आणि मागाहून कापला आहे. पण एवढ्यावरून तो यंत्रमागाचा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. फेकुआ आमच्या हातमागावरही होतो.” नंतर त्यांनी कडेचा एक धागा काढून काडीने पेटविला. रेशीम जळले तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. हा धागा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली.

ह्या प्रसंगात माझ्या आजच्या विषयाचा बराचसा भाग आलेला आहे. विशेषतः त्या वृद्ध गृहस्थांनी कोणत्या परीक्षेवरून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हे ज्या काटेकोरपणे सांगितले, तो काटेकोरपणा पुढे आपल्याला पुनःपुन्हा लागणार आहे.

प्रथम चिठ्ठीचा विचार करू. भौगोलिक निर्देशांकांचा कायदा संसदेने १९९९ साली केला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. ह्या कायद्यान्वये बनारसच्या जरीच्या वस्त्रांची व साड्यांची नोंदणी २००९ साली झाली. वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगढ ह्या सहा जिल्ह्यांतील विणकामालाच आता हे नाव लावता येते. त्यापूर्वी २००४ साली रेशमाचा शिक्का आणि २००६ साली हातमागाचा शिक्का प्रचारात आला होता. ह्या तिन्ही खुणा वेगवेगळ्या गोष्टी सांगतात : पहिली स्थळ सांगते, दुसरी तंतू सांगते आणि तिसरी साधन सांगते. गिऱ्हाइकाला मात्र तिन्ही सारख्याच वाटतात. यंत्रमागावर विणलेल्या शुद्ध रेशमी साडीवर रेशमाचा शिक्का असणे अगदी खरे आहे. त्यावरून ती हाताने विणलेली आहे असा समज गिऱ्हाईक करून घेते, आणि विक्रेता तो समज दूर करीत नाही. अशा चिठ्ठीला खोटी म्हणावे काय? कायद्याला हे अवघड जाते, आणि संगणकालाही अवघड जाते, हे आपण लवकरच पाहू.

आता कुंज गलीतून दुसऱ्या बाजारात जाऊ. लेख, छायाचित्र किंवा दुवा संगणकावर प्रसिद्ध करताना त्याला विषयदर्शक शब्द जोडण्याची जी पद्धत आहे, तिला ‘टॅग’ म्हणतात. मी त्याला खूणचिठ्ठी किंवा नुसती चिठ्ठी म्हणेन. ग्रंथालयात विषयवार मांडणी ग्रंथपाल करतो. येथे ती ज्याची त्याने करावयाची असते. २००३ साली सुरू झालेल्या ‘डिलिशस’ ह्या संकेतस्थळाने ही पद्धत लोकप्रिय केली, आणि पुढल्याच वर्षी थॉमस वँडर वॉल ह्यांनी तिला लोकांनी केलेले वर्गीकरण अशा अर्थाचे इंग्रजी नावही दिले. त्या काळातील उत्साह मला आठवतो. कोणत्याही अधिकाऱ्यावाचून, केवळ वाचकांच्या सहकार्याने जगातील ज्ञानाची सूची तयार होईल, असे पुष्कळांना वाटत होते.

वास्तविक सावध होण्यासारखा एक अनुभव तोपर्यंत हाताशी आलेला होता. १९९० नंतरच्या दशकात संकेतस्थळाच्या पानामागे, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, विषयाचे शब्द लिहिण्याची सोय होती आणि शोधयंत्रे ते शब्द वाचीत. अल्पावधीतच त्या जागी वाटेल ते शब्द भरले जाऊ लागले. पुढे शोधयंत्रांनी ती जागा वाचणेच सोडून दिले. क्रम ठरविताना आपण हे शब्द विचारात घेत नाही, असे गुगलने २००९ साली जाहीर केले. म्हणजे तेथे खोटी चिठ्ठी ओळखण्याचा प्रश्न चिठ्ठीच रद्द करून सोडविला गेला.

प्रत्येक ठिकाणी असे करता येत नाही. मोठ्या भाषेतील, मोठ्या विषयावरील लेख चिठ्ठीवाचूनही वाचकाला सापडतात. परंतु एखाद्या लहान समूहाला, समजा मराठीत लिहिणाऱ्या चारशे-पाचशे लोकांना, किंवा हातमागावर लिहिणाऱ्या त्याहून थोड्या लोकांना, परस्परांना शोधण्यासाठी ती चिठ्ठी हीच एक वाट असते. एका चिठ्ठीखाली रोज हजार लेख येत असतील तर त्यांत पन्नास भलते लेख शिरल्याने थोडा उपद्रव होईल. जेथे रोज दहाच येतात तेथे तेच पन्नास शिरले तर ते दहा दिसेनासे होतील. खोट्या चिठ्ठ्यांचा मार असा दुर्बळांवर अधिक पडतो.

ह्यात पैसा आला म्हणजे काय होते, ते आता पाहू. मार्च २०१६ मध्ये ‘स्टीम’ नावाची एक ब्लॉकचेन सुरू झाली. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेली, सर्वांना वाचता येणारी आणि मागाहून खोडता न येणारी खतावणी, एवढा अर्थ आपल्याला आज पुरे आहे. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर ह्यांनी उभारलेल्या ‘स्टीमिट’ ह्या संकेतस्थळावर लोक लेख लिहीत, इतर लोक त्यांना मते देत, आणि मतांच्या प्रमाणात लेखकाला टोकन म्हणजे आभासी चलन मिळे. प्रत्येक मताचे वजन मतदाराजवळील टोकनांवर अवलंबून असे. प्रत्येक लेखाला पाच चिठ्ठ्या लावता येत, आणि त्यांतील पहिली चिठ्ठी त्याचा मुख्य विभाग ठरवी. पुढे हिशेबाची मुदत सात दिवसांची झाली.

ह्या व्यवस्थेत एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वाटावयाचा निधी ठरलेला असतो. एकाला अधिक मिळाले की उरलेल्यांना तितके कमी मिळते. म्हणून भलत्या चिठ्ठीखाली लेख घुसवून मते मिळविणारा मनुष्य वाचकाचा वेळ घेतो, एवढ्यावर हे थांबत नाही. तो शेजाऱ्याच्या मजुरीतला वाटा घेतो. सुरतेच्या यंत्रमागावरील साडी ‘बनारसी’ म्हणून विकली गेली की अलईपुऱ्यातील विणकराला पडणारा भाव खाली येतो. तोच हा प्रकार होय. (सुरतेचे कापड वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ते सुरतेचे म्हणून विकावे, एवढेच म्हणणे आहे.)

स्टीमवर नवागताने स्वतःची ओळख करून देण्यासाठी एक वेगळी चिठ्ठी होती. नव्या माणसाचे स्वागत उदारपणे करण्याची रीत असल्याने त्या चिठ्ठीखालील लेखांना चांगली मते पडत. मग कित्येक जुने लोकही आपली ओळख पुनःपुन्हा करून देऊ लागले! ह्या प्रकाराचे मला हसू येते, आणि ज्याची ओळख खरोखरच पहिली होती अशा नवागताचे वाईटही वाटते.

२०१९ साली ह्याच्या पुढची पायरी आली. ‘स्टीम इंजिन’ नावाच्या सोयीमुळे कोणालाही स्वतःचे टोकन काढता येऊ लागले आणि क्रीडा, अर्थकारण, कला अशा विषयांचे स्वतंत्र समूह तयार झाले. अमुक चिठ्ठी लावलेल्या लेखाला अमुक टोकन, असा नियम झाला. एकाच लेखाला अनेक चिठ्ठ्या लावता येत असल्याने एकाच लेखावर अनेक टोकने मिळू लागली. बागेतील फुलाच्या छायाचित्राखाली क्रीडा, अर्थकारण आणि कला अशा तिन्ही चिठ्ठ्या दिसू लागल्या तर त्यात नवल कसले? आता चिठ्ठी ही लेखाविषयीची माहिती राहिली नव्हती. ती पैसे मागण्याची पावती झाली होती. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट ह्यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी असे म्हटले होते की, आकडेवारीतील एखादी नियमितता नियंत्रणासाठी वापरली जाऊ लागली म्हणजे ती ढासळू लागते. ते बँकांविषयी बोलत होते. पण हा विचार येथेही लागू पडतो.

मग अशी चिठ्ठी ओळखावी कशी? सर्वांत सरळ उपाय म्हणजे लेखातील शब्द आणि चिठ्ठी ह्यांची तुलना. एखाद्या चिठ्ठीखालील, माणसांनी तपासलेले, काही शेकडा लेख घ्यावेत. त्यांत वारंवार येणारे पण इतरत्र क्वचितच आढळणारे शब्द शोधून त्यांना अधिक वजन द्यावे. ‘आहे’, ‘आणि’ हे शब्द सर्वत्र असतात, त्यांचे वजन जवळजवळ शून्य. ‘ताणा’, ‘बाणा’, ‘जरी’ ह्यांचे वजन मोठे. दुर्मिळ शब्दाला अधिक वजन देण्याची ही कल्पना केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स ह्यांनी १९७२ साली मांडली. नवा लेख आला की त्याचे शब्द ह्या वजनांशी ताडून पाहावयाचे. लांबलचक लेखांना ही रीत चांगली लागू पडते. परंतु ज्यात एक छायाचित्र आणि दोनच ओळी आहेत, तेथे ताडून पाहावयाचे काय? जो मराठी लेखक रोमन लिपीत लिहितो, त्याचे शब्द यंत्राला अनोळखी वाटतात आणि तो निष्कारण संशयित ठरतो. शिवाय ठक हुशार असेल तर चार परवलीचे शब्द लेखाच्या शेवटी चिकटवून देईल.

दुसरी रीत एका लेखापुरती न पाहता लेखकाच्या शंभर लेखांकडे पाहण्याची आहे. प्रामाणिक लेखकाच्या चिठ्ठ्या विषयाबरोबर बदलतात. जो चिठ्ठीसाठी लिहितो त्याच्या पाचही चिठ्ठ्या एखाद्या छापखान्याच्या शिक्क्याप्रमाणे कायम असतात. पण जी गृहिणी केवळ पाककृतीच लिहिते तिच्याही चिठ्ठ्या कायमच असणार! म्हणून चिठ्ठ्या बदलत नाहीत एवढ्यावर बोट ठेवून भागत नाही. विषय बदलला असूनही चिठ्ठ्या बदलल्या नाहीत, हे दाखवावे लागते. वस्त्राची पुढची बाजू आणि मागची बाजू एकत्र पाहण्यासारखेच हे आहे.

तिसरी रीत मला विशेष आवडते, कारण ती फसविणे महाग पडते. खतावणीत प्रत्येक नोंदीची वेळ असते. कोणत्या चिठ्ठीला किती टोकने मिळत होती आणि त्या टोकनाचा भाव काय होता, हेही कळू शकते. भाव चढताच जी चिठ्ठी लेखकाच्या लेखांवर उगवते आणि उतरताच गळून पडते, तिचा संबंध विषयाशी आहे की भावाशी, हे ताडता येते. भावाची कमान गेली तरी जो मनुष्य क्रीडेवरच लिहीत राहिला, त्याचे लेखन कितीही सामान्य असो, त्याची चिठ्ठी खरी आहे. अर्थात, ह्या पुराव्यासाठी थांबावे लागते आणि वाटप तर सातव्या दिवशी होऊन जाते. समूहाविषयी ही रीत पुष्कळ सांगते. एका लेखाविषयी वेळेवर काही सांगत नाही.

मते कोणी दिली, हेही पाहता येते. तीच वीस खाती परस्परांना नेमाने मते देत असतील तर संशय घेणे रास्त आहे. मात्र लहान भाषेतील वीस स्नेहीही परस्परांना नेमाने मते देतात.

जर्मनीतील कासेल विद्यापीठाशी निगडित ‘बिबसॉनमी’ ह्या दुवे जतन करण्याच्या सेवेतील माहिती २००८ साली एका स्पर्धेसाठी संशोधकांपुढे ठेवण्यात आली. त्या संग्रहात खरे वापरकर्ते सुमारे २,४०० होते आणि माणसांनी तपासून स्पॅम करणारे ठरविलेले २९,००० हून अधिक होते. म्हणजे डोळे मिटून प्रत्येकाला ठक म्हटले असते तरी दहांपैकी नऊ वेळा उत्तर बरोबर आले असते! केवळ ‘आमचे यंत्र शेकडा नव्वद वेळा बरोबर असते’ ह्या घोषणेवर विश्वास ठेवू नये, तो ह्यासाठी.

आता उलट बाजूचा हिशेब मांडू. हे उदाहरण कल्पित आहे. समजा हजार लेखांपैकी पन्नासांच्या चिठ्ठ्या खोट्या आहेत. आपले यंत्र उत्तम आहे. ते खोट्यांपैकी शेकडा नव्वद पकडते आणि खऱ्यांपैकी शेकडा चारांनाच चुकीने खोटे म्हणते. पन्नासांपैकी पंचेचाळीस सापडले. उरलेल्या साडेनऊशे खऱ्यांपैकी अडतीस विनाकारण सापडले. यंत्राने बोट दाखविलेल्या त्र्याऐंशी लेखांपैकी अडतीस, म्हणजे जवळजवळ निम्मे, निर्दोष आहेत. त्या अडतिसांत कोण असतील? बहुधा नवखे, थोडे लिहिणारे, अनोळखी भाषेत लिहिणारे. सराईत ठक आपली भाषा बेतशीर ठेवतो.

येथे मला मदनपुऱ्यातील त्या संध्याकाळीचा राहिलेला भाग सांगितला पाहिजे. त्या वृद्ध विणकराच्या मागावर एक साडी चढलेली होती. बुट्टी न्‌ बुट्टी कढुआ, मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ. मावशीला ती फार आवडली. दुकानात फसलेली असल्याने तिने विचारले, “ह्याला शिक्का कुठे आहे?” शिक्का नव्हता. निर्देशांकाचे नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. दुसऱ्याच्या मागणीवर, दुसऱ्याने दिलेल्या रेशमावर काम करणाऱ्या कारागिराला तो खटाटोप परवडत नाही, आणि वस्त्र गद्दीवर पोहोचल्यावर चिठ्ठी कोणाची लागते हे त्याच्या हाती नसते. कायद्यात खोटे निर्देशांक वापरणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. परंतु ज्याचे वस्त्र खरे आणि चिठ्ठी मात्र नाही, त्याच्यासाठी तेथे काही सोय मला आढळत नाही. चिठ्ठी तपासणारा जितका कडक होईल, तितका हा मनुष्य बाजारातून लवकर बाहेर पडेल.

म्हणून स्टीमसारख्या समूहांना माझी सूचना अशी की, यंत्राला पकडण्याचे काम द्यावे, शिक्षेचे देऊ नये. यंत्राने संशयित लेख वेगळे काढावेत, आणि तो विषय जाणणाऱ्या माणसाने ते पाहावेत. ऑगस्ट २०१९ मध्ये स्टीमच्या नियमांत असा बदल झाला की, विरोधी मत देण्यासाठी सदस्याला स्वतःच्या कमाईच्या मताचा त्याग करावा लागू नये. त्यापूर्वी खोटी चिठ्ठी दाखवून देणाऱ्याला पदरमोड करावी लागे, वर सूडाची भीती. हा बदल योग्य होता, असे माझे मत आहे. पण विरोधी मत टोकनवाल्याचे वजनच घेऊन येत असल्याने त्याचा उपयोग वैरासाठीही झाला. पुढे २० मार्च २०२० रोजी ह्याच समाजातून ‘हाइव्ह’ ही वेगळी ब्लॉकचेन फुटून निघाली. तेथे विषयवार समूहांना स्वतःचे देखरेख करणारे असतात व समूहाच्या विषयाशी संबंध नसलेला लेख ते दृष्टिआड करू शकतात. लेख नष्ट होत नाही; त्या समूहाच्या अंगणातून तो बाहेर जातो. हा मार्ग मला अधिक सौम्य वाटतो.

ह्यात मी आणखी एक भर घालीन. पहिल्या दोषाला पैसे कापू नयेत. चिठ्ठी तेवढी काढावी आणि ती का काढली, हे लेखकाला त्याच्याच भाषेत कळवावे. सात दिवसांच्या मुदतीपैकी दोन दिवस त्याला उत्तरासाठी ठेवावेत. चूक यंत्राची निघाली तर तो लेख ‘हा तपासून खरा ठरला’ म्हणून नमुन्याच्या संग्रहात घालावा. म्हणजे रोमन लिपीतील मराठी किंवा दोन ओळींचे छायाचित्र पुढच्या खेपेस यंत्राला अनोळखी राहणार नाही. हे काम कंटाळवाणे आहे. ते कोणी करावयाचे आणि त्याचा मेहनताना कोणत्या निधीतून द्यावयाचा, ह्यावरच अशा समूहांत सर्वाधिक भांडणे होतात, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

मावशीने ती साडी घेतली. मात्र मागावरून उतरण्यास तिला आणखी दोन महिने होते. तोवर लग्न होऊन गेले, आणि मुलीने ती पहिल्या दिवाळसणाला नेसली.

आपल्या प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. विणकामासंबंधी कोणी विचारणार असतील, तर सभागृहात माझ्याहून अधिक जाणणारे पुष्कळ बसलेले मला दिसत आहेत. उत्तरे त्यांनीच द्यावीत.